शनिवारच्या कॉन्फरन्स सामन्याआधीचा आठवडा : अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाच्या तयारीची फोड

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये संघ एका सामन्यात साधारण 60 ते 70 वेळा चेंडू घेऊन चाल खेळतो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे फक्त चार सामने पाहायचे म्हटले, तरी त्याच्या आक्रमणाच्या अडीचशेवर चाली, बचावाच्या जवळपास तितक्याच आणि किकच्या शंभराच्या आसपास, असा सहाशे चालींचा ढीग रविवारी सकाळी कार्यालयात आपली वाट पाहत असतो. दुसरीकडे, खेळाडूंचा जो वेळ नियमाने आपल्या हाती असतो तो अवघा 17 तासांचा. या सहाशेंतून शनिवारी खेळाडूच्या डोक्यात नेमक्या कोणत्या पंधरावीस गोष्टी असाव्यात, हे ठरवण्यात आणि त्या अंगवळणी पाडण्यात सगळा आठवडा जातो.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या आणि विद्यापीठाच्या फुटबॉल कार्यालयात व्हिडिओ, आकडेवारी किंवा सरावाचा मदतनीस म्हणून काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आहे. मी मध्यपश्चिमेतल्या एका संघासोबत दोन हंगाम हे काम केले. गेलो तेव्हा मला टचडाउनचे 6 गुण आणि फील्ड गोलचे 3, यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. हा खेळ लहानपणापासून पाहिलेला नसणे हा मोठा अडथळा ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी. एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचे काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच करता येते, आणि फुटबॉलच्या हंगामात हे तास बुधवारीच संपतात. तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून, कामाचे तास कागदावर निश्चित करून मगच होकार द्यावा. ‘वरचे तास हौसेने करतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

उदाहरणासाठी बिग टेन ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठ संघांचा गट, घेऊ आणि असे समजू की पुढचा सामना आयोवा विद्यापीठाशी, त्यांच्या किनिक स्टेडियमवर आहे.

कॉन्फरन्स सामन्याचे वजन

2024 पासून बिग टेनमध्ये 18 संघ आहेत आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्समधील नऊ सामने खेळतो. पूर्वीचे पूर्व आणि पश्चिम असे विभाग गेले. आता गुणतालिकेतील पहिले दोन संघ थेट इंडियानापोलिसच्या अंतिम सामन्याला जातात. दोन संघांची कामगिरी सारखी झाली, तर आधी त्यांच्या आपसातील सामन्याचा निकाल पाहिला जातो, त्यामुळे शर्यतीतल्या संघाकडून झालेला पराभव दोन ठिकाणी नडतो.

तयारीच्या दृष्टीने याहून मोठा फरक ओळखीचा पडला आहे. दरवर्षी त्याच संघांशी खेळताना प्रशिक्षकांना एकमेकांच्या खोडी तोंडपाठ असत. अठरा संघांत काहींशी दोन-तीन वर्षे गाठच पडत नाही, म्हणून रविवारी कोणती फिल्म उघडायची हा निर्णय आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे.

तासांचा हिशेब आधी

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास आणि दिवसाला 4 तास सक्तीचे काम घेऊ देते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, 3 तास धरला जातो. उरले 17. त्यांत सराव, बैठका, एकत्र फिल्म पाहणे आणि वजनांचा व्यायाम हे सगळे बसवायचे असते. प्रवास आणि वैद्यकीय उपचार यात मोजले जात नाहीत, आणि खेळाडूने कोणी न सांगता आपल्या आयपॅडवर पाहिलेली फिल्मही मोजली जात नाही.

आमच्याकडची विभागणी साधारण अशी असे : रविवारी साडेतीन तास, सोमवारी सुट्टी, मंगळवारी आणि बुधवारी प्रत्येकी चार, गुरुवारी साडेतीन, शुक्रवारी दोन. काही संघ रविवारी सुट्टी देऊन सोमवारी उभे राहतात. मला सोमवारची सुट्टी बरी वाटते, कारण शनिवारचे ठणके रविवारीच उपचार कक्षात समोर येतात आणि कोण मंगळवारी सराव करू शकणार नाही हे दोन दिवस आधी कळते.

हा तक्ता रविवारी भिंतीवर लावावा. बुधवारी एखादा प्रशिक्षक ‘आणखी दहाच मिनिटे’ म्हणतो, तेव्हा ती दहा मिनिटे गुरुवारच्या कोणत्या कामातून जाणार हे त्याला बोटाने दाखवता आले पाहिजे.

रविवार : कोणती फिल्म आणि तिची फोड

प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष मैदानात बसून पाहण्यास एनसीएएने 1994 पासून बंदी घातलेली आहे. 2023 मध्ये मिशिगनच्या संघावर या नियमाच्या उल्लंघनाचा आरोप झाला, तेव्हा बिग टेनने मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना नियमित हंगामातील शेवटच्या तीन सामन्यांत मैदानावर येण्यास मनाई केली होती. सुट्टीत मित्रांसोबत सहज सामना पाहायला गेलो, असे निमित्त मदतनीसालाही परवडणारे नाही. पुढचा प्रतिस्पर्धी खेळत असेल तर त्या मैदानाकडे फिरकू नये. कामाची फिल्म संघांमध्ये अधिकृतपणे देवाणघेवाण होऊन येते, आणि तिच्यात प्रत्येक चाल बाजूने आणि टोकाकडून अशी दोनदा दिसते. बाजूच्या चित्रणात मैदानावरचे 22 जण एकाच चौकटीत असतात. टीव्हीवरचे चित्रण चेंडूच्या मागे धावते, त्यामुळे खोलवर उभे असलेले बचावपटू त्यात दिसतच नाहीत.

चार सामने निवडताना ‘मागचे चार’ असे डोळे मिटून घेऊ नयेत. मागचे दोन घ्यावेतच, कारण दुखापतींनंतरचा संघ त्यांत दिसतो. तिसरा असा घ्यावा की ज्यात प्रतिस्पर्ध्यासमोर आपल्यासारखा खेळणारा संघ होता. चौथा शक्य तर आपल्याशी झालेला मागचा सामना.

आयोवाच्या बाबतीत एक विशेष सोय आहे आणि एक सापळाही आहे. कर्क फेरेन्झ 1999 मध्ये तिथे मुख्य प्रशिक्षक झाले. फिल पार्कर त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आले आणि 2012 पासून बचावाचे सूत्रधार झाले. इतक्या वर्षांच्या सलगतेमुळे त्यांच्या बचावाची जुनी फिल्मही शिळी होत नाही. सापळा आक्रमणाच्या बाजूला आहे. 2024 मध्ये टिम लेस्टर आक्रमणाचे सूत्रधार म्हणून आले, त्यामुळे त्याआधीच्या फिल्मवर वेळ घालवण्यापेक्षा लेस्टर 2017 ते 2022 या काळात वेस्टर्न मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक असतानाची फिल्म जास्त उपयोगाची. प्रशिक्षक बदलला की त्याच्या आधीच्या नोकरीतल्या फिल्मचा माग काढावा, ही सवय लावून घ्यावी.

मग फोड. प्रत्येक चालीसमोर सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भरायच्या : कितवा डाउन (10 यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानात कुठे आहे, कोणत्या हॅशवर (मैदानाच्या लांबीभर असलेल्या खुणांच्या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेवर) आहे, आक्रमणात कोणते खेळाडू आहेत, रचना कोणती, स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधी) कोण हलले, चाल कोणती, निकाल काय. खेळाडूंचा संच दोन अंकांत लिहितात. पहिला अंक रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांचा, दुसरा टाइट एंडचा, म्हणजे फळीच्या टोकाला राहून अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्यांचा. ‘11’ म्हणजे एक बॅक आणि एक टाइट एंड, ‘12’ म्हणजे एक बॅक आणि दोन टाइट एंड.

यातली हॅशची नोंद नवखा माणूस हमखास कंटाळून भरतो, आणि कॉलेजच्या खेळात तीच सर्वांत महाग पडते. मैदान 160 फूट रुंद असते आणि कॉलेजच्या दोन हॅशमध्ये 40 फुटांचे अंतर असते, म्हणजे चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळे राहतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये हे हॅश साडेअठरा फुटांवर असल्याने दोन्ही बाजू जवळपास सारख्याच राहतात. कॉलेजमध्ये मात्र रुंद बाजू, जिला सगळे ‘फील्ड’ म्हणतात, आणि अरुंद बाजू, म्हणजे ‘बाउंड्री’, यांचा खेळच वेगळा असतो. संघ आपला सर्वांत वेगवान बचावपटू कुठे ठेवतो, धाव कोणत्या बाजूला काढतो, हे बहुतेकदा डाव्या-उजव्यावर नव्हे तर फील्ड-बाउंड्रीवर ठरते. डावा हॅश चुकून उजवा नोंदला, की फील्डची चाल बाउंड्रीची होते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

सोमवार : कल वाचणे, पण बेताने

खेळाडू सुट्टीवर असताना प्रशिक्षक आणि मदतनीस खोलीत बसून प्रतिस्पर्ध्याचे कल काढतात. इथे मदतनीसाची खरी परीक्षा असते, कारण सॉफ्टवेअर एका बटणावर चाळीस पानांचा अहवाल देते आणि तो तसाच छापून देण्याचा मोह होतो.

समजा, अहवाल म्हणतो की तिसऱ्या डाउनवर 3 ते 6 यार्ड हवे असताना, चेंडू हॅशवर आणि ‘11’ संच मैदानात असताना, हा संघ 71 टक्के वेळा बाउंड्रीकडे पास फेकतो. आकडा भारदस्त आहे. पण नोंदी मोजल्या तर अशा चाली एकूण सातच निघतात, आणि त्यांतल्या पाच बाउंड्रीकडे गेलेल्या असतात. त्या पाचांपैकी दोन सामना हातातून गेल्यावर, राखीव क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या खेळाडूने) खेळलेल्या. उरल्या तीन. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा. म्हणून टक्केवारीशेजारी मूळ संख्या लिहिल्याशिवाय कोणताही आकडा प्रशिक्षकासमोर ठेवू नये, आणि निकाल लागून गेलेल्या वेळेतील चाली आधीच वेगळ्या काढाव्यात.

चार सामन्यांवरून टिकणारे कल मोठ्या गटांतच सापडतात : पहिल्या डाउनवर धाव किती, पास किती, दोन टाइट एंड आले की काय बदलते, स्नॅपआधी कोणी हलला की चाल त्याच्या मागे जाते की उलट. दुसऱ्या प्रकारची खूण शरीरात असते आणि ती कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही. टोकाकडच्या चित्रणात गार्डच्या, म्हणजे आक्रमणाच्या फळीत मधल्या खेळाडूशेजारी असणाऱ्याच्या, हातावर नजर ठेवा. धाव असली की काही गार्ड जमिनीवर टेकवलेल्या हातावर भार देतात आणि बोटांची पेरे पांढरी पडतात. पासच्या वेळी हात नुसता टेकलेला असतो. असे काही दिसले की सलग तीस चाली फक्त तेवढेच पाहावे, आणि तिसांतून पंचवीस-सव्वीस वेळा जुळले तरच बोलावे.

आपल्याच मागच्या चार सामन्यांची अशीच फोड याच दिवशी करायची असते, कारण समोरचा संघ नेमके तेच करत बसलेला असतो. हा भाग कंटाळवाणा म्हणून टाळला जातो. माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी कागद बहुधा तोच निघाला.

संध्याकाळपर्यंत चाळीस पानांची दोन पाने व्हावीत. आयोवासाठी त्यांवर काय उरेल, याचा नमुना असा : त्यांचा बचाव बहुतेक वेळा माणसाऐवजी जागा राखतो आणि मागे कोणाला सहज सोडत नाही, म्हणून लांब पासच्या आशेवर आखणी करू नये, छोटे पास आणि संयम हवा, त्यांचे आक्रमण संपूर्ण फळी एका बाजूला सरकवून धाव काढते आणि त्याच हालचालीच्या आडून क्वार्टरबॅक उलट बाजूला निघतो, म्हणून मागच्या बाजूच्या एंडने (आपल्या बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूने) धावेच्या मागे लागायचे नाही, आणि त्यांच्या किकमुळे आपल्याला वारंवार स्वतःच्या गोलरेषेजवळून सुरुवात करावी लागेल, म्हणून पहिल्या 10 यार्डांतून बाहेर येण्याच्या तीन चाली घोटून ठेवाव्यात.

मंगळवार आणि बुधवार : कार्ड, स्काउट टीम आणि गोंगाट

मंगळवारी पहिल्या आणि दुसऱ्या डाउनचा सराव होतो, बुधवारी मुख्यतः तिसऱ्या डाउनचा. प्रतिस्पर्ध्याची नक्कल स्काउट टीम करते. यात नवे विद्यार्थी आणि सामन्यात क्वचित उतरणारे खेळाडू असतात, आणि त्यांच्या अंगावर प्रतिस्पर्ध्याच्या प्रमुख खेळाडूंचे क्रमांक असलेली पातळ बंडी चढवतात. त्यांना चाल शिकवायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक चालीचे एक कार्ड काढतात. मदतनीस ते डोक्यावर धरतो, अकरा जण आपापले वर्तुळ शोधतात आणि वीस सेकंदांत जागेवर जातात.

कार्ड काढणे हे काम हलके समजू नये. जाड काळ्या मार्करने काढावे, धावेचा मार्ग लाल रंगात एकच ठेवावा, वर कोपऱ्यात क्रमांक आणि हॅश लिहावा, आणि कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालावे. ऑक्टोबरच्या पावसात शाई दोन मिनिटांत ओघळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कार्ड ज्याने वाचायचे त्याच्या बाजूने काढावे. माझ्या पहिल्या महिन्यात मी प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाची बारा कार्डे आमच्या बचावाच्या नजरेने काढली होती. स्काउट टीमने ती इमानेइतबारे वाचली आणि टाइट एंड प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला उभा राहिला. चार चाली वाया गेल्यावर लाइनबॅकरांच्या प्रशिक्षकाने माझ्या हातातले कार्ड घेतले, उलटे धरले, एक शब्द न बोलता परत दिले आणि पुढची चाल सुरू केली. त्या रात्री उरलेली आठ मी पुन्हा काढली.

स्काउट टीमचे सराव किती मनापासून होतात यावर आठवडा उभा राहतो किंवा पडतो. या मुलांना शनिवारी बहुधा खेळायला मिळत नाही. चांगले प्रशिक्षक बुधवारच्या बैठकीत त्यांच्याच दोन उत्तम चाली सर्वांसमोर दाखवतात, आणि गुरुवारी त्याचा परिणाम दिसतो.

बाहेरच्या मैदानावर जायचे असल्यास मंगळवारपासूनच सरावाच्या मैदानावर मोठे स्पीकर लावतात. किनिकमध्ये 69,250 प्रेक्षक बसतात आणि ते मैदानाच्या अगदी कडेला असल्यासारखे वाटतात. 2024 पासून वरच्या गटातील कॉलेज संघांना प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली. त्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद होतो. पण चाल एकट्या क्वार्टरबॅकला ऐकू येते. उरलेल्या दहांना त्याचा आवाज पोहोचतच नाही, म्हणून ‘सायलेंट काउंट’ घोटावा लागतो : क्वार्टरबॅक पाय उचलतो, मागे पाहणारा गार्ड सेंटरला थापटतो, सेंटर मान वर करतो, एक ठोका थांबतो आणि चेंडू मागे देतो. तो ठोका दर वेळी सारखाच राहिला, तर समोरचा एंड तो मोजून घेतो आणि स्नॅपबरोबरच सुटतो. म्हणून एका ठोक्याचा आणि दोन ठोक्यांचा असे दोन्ही प्रकार आळीपाळीने करावेत, आणि स्पीकर ढोबळ नको, खरोखर कान बधिर करणारा असावा.

किकचा सराव

आयोवाविरुद्ध हा भाग शेवटच्या दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही. 2023 मध्ये त्यांच्या टोरी टेलर या मेलबर्नच्या पंटरने एका हंगामात 4,479 यार्डांचे पंट (चेंडू हातातून सोडून लांब मारलेल्या किक) मारून 1938 पासूनचा विक्रम मोडला, आणि तुटपुंज्या गुणांवर सामने जिंकत तो संघ बिग टेनच्या पश्चिम विभागात पहिला आला. टेलर आता कॉलेजमध्ये नाही, पण चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ अडकवून ठेवायचा ही त्या संघाची मूळ वृत्ती आहे.

आपल्या परतवणाऱ्या खेळाडूने टाचा 10 यार्डांच्या रेषेवर ठेवाव्यात आणि डोक्यावरून मागे जाणारा चेंडू सोडून द्यावा. हे सांगायला सोपे आहे. उंच चेंडू खाली येत असताना पाय आपोआप मागे सरकतात. म्हणून यंत्राने चेंडू उडवून, समोरून दोन मदतनीस अंगावर धावत येत असताना, मंगळवारी आणि बुधवारी रोज पंधरा झेल घ्यावेत.

गुरुवार : कॉल शीट

गुरुवारी शेवटच्या 20 यार्डांतील चाली आणि शेवटच्या दोन मिनिटांत घाईने खेळण्याचा सराव होतो, आणि रात्री कॉल शीट पक्की होते. दोन्ही बाजूंनी छापलेल्या, प्लास्टिकमध्ये घातलेल्या या मोठ्या कागदावर प्रसंगानुसार चालींचे रंगीत चौकोन असतात : सुरुवातीच्या चाली, तिसरा डाउन लांब, तिसरा डाउन छोटा, गोलरेषा, टचडाउननंतरचा दोन गुणांचा प्रयत्न. सुरुवातीच्या पंधरा चाली आधीच लिहून ठेवण्याची पद्धत एनएफएलचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्यामुळे रूढ झाली. समोरचा बचाव कोणत्या रचनेला कसा उत्तर देतो, हे त्यांतून लवकर कळते.

या कागदावरून चाली काढण्याची हीच शेवटची संधी असते. मंगळवारी आणि बुधवारी मिळून जी चाल चार वेळाही नीट जमली नाही, ती कागदावर कितीही देखणी दिसली तरी काढावी. सूत्रधार हळहळतो, वाद घालतो. मदतनीसाने फक्त सरावातील नोंद समोर ठेवावी आणि गप्प बसावे. दोन गुणांच्या प्रयत्नाचा चौकोन मात्र रिकामा ठेवू नये, कारण सामना बरोबरीत सुटला तर तिसऱ्या जादा डावापासून दोन्ही संघ फक्त तेच प्रयत्न आलटून पालटून करतात आणि दोन चालींवर भागत नाही.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी हेल्मेटशिवाय, चालत्या पायांनी सगळ्या चाली एकदा फिरवतात आणि दुपारी विमान पकडतात. मदतनीसाच्या पिशवीत कॉल शीटच्या जादा प्रती, मार्कर, टेप आणि टॅब्लेटचे चार्जर असावेत. 2024 पासून सामन्यात प्रत्येक संघाला 18 टॅब्लेट वापरता येतात. किनिकमधील पाहुण्या संघाची खोली गुलाबी आहे. हेडन फ्राय या माजी प्रशिक्षकांनी मानसशास्त्र शिकलेले असल्यामुळे ती तशी रंगवून घेतली होती. खेळाडूंना हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे पाच मिनिटे हसण्यात जातात आणि विषय संपतो.

सामन्याच्या चार तास आधी जेवण होते. बिग टेनच्या नियमानुसार, कोण खेळू शकणार नाही याची यादी सामन्याच्या किमान दोन तास आधी जाहीर होते. ती आली की दोन पानांचा कागद पुन्हा उघडावा आणि गैरहजर खेळाडूवर बेतलेली प्रत्येक ओळ खोडावी. त्याच्या जागी नवी ओळ लिहू नये. मग किकच्या प्रशिक्षकाबरोबर मैदानात जाऊन दोन्ही टोकांना वारा कुठून वाहतो ते पाहावे, त्याच्या कागदावर बाण काढून द्यावा, आणि बाण काढताना आपण कोणत्या टोकाला तोंड करून उभे आहोत तेही त्याखाली लिहावे.